झोळीतल्या मुलीचा बाप्तिस्मा

मिठाच्या सत्याग्रहाच्या थोडं आधीची गोष्ट. सोलापुरात गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवून घरी निजवून ठेवत. आई परतेपर्यंत मूल गुंगीत. हे थांबावं म्हणून मी गिरणीजवळ एक खोली घेतली, आढ्याला झोळ्या टांगल्या, गाईचं दूध ठेवलं. मी कॅथलिक आहे हे बायकांना ठाऊक होतं. मुलांना धर्माचं काही करणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला होता.

मंद्रूपकडून आलेल्या एका बाईची मुलगी एका दुपारी हगवणीने निपचित पडली. डोळे पांढरे झाले. आमच्यात मरणाच्या दारातल्या मुलाला, फादर जवळ नसले तर, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. न देणं पाप, असं मला लहानपणीच शिकवलेलं. मी माठातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, ठरलेले शब्द म्हटले. मग चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत बसलो. आधी पाणी डोक्यावर गेलं, तोंडात नंतर. हे आजही टोचतं.

मुलगी वाचली. संध्याकाळी आईने दोरीवरचं टोपडं चाचपलं.

"हे कशानं भिजलं, दादा?"

खोटं बोलवेना. "मरतेय असं वाटलं. देवाच्या हाती दिली."

"कुटल्या देवाच्या?"

"माझ्या."

"आन् आता जगली की. मंग कुनाची म्हनायची?"

ती मुलीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी झोळ्या रिकाम्या. मी चाळीत दारोदार फिरलो. नळावरची म्हातारी म्हणाली, "डोकी झाका गं पोरांची, पानीवाले दादा आले." बायका हसल्या. त्या आईने दार अर्धंच उघडलं.

"माझं चुकलं. पण गोळी देऊ नका."

"मंग कामाला कुनाच्या जिवावर जाऊ?"

फादर म्हणाले, तू योग्यच केलंस. ऐकून बरं वाटलं, याचीही लाज वाटते.

थंडी पडायच्या सुमारास ती मुलगी गोळीच्या गुंगीतून उठलीच नाही. मी गेलो तेव्हा आई तिला मांडीवर घेऊन बसली होती.

"हिला तुमी नेनार का आमी?"

तो टोमणा नव्हता. तिला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या धर्माप्रमाणे त्या मुलीची जागा आमच्या दफनभूमीत होती.

"तुम्हीच न्या," मी म्हणालो.

तिने दिराला हाक मारली. मी दारातून बाजूला झालो.