न पोचलेला डबा

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नाही. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लेथ मशीनचा लहानसा कारखाना होता. मशीनं घरघरत असताना शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं, आणि तो आवाज आबा संध्याकाळी घरी घेऊन यायचे. आई त्यांच्याही वरताण. आमटीत मीठ कमी पडलं तरी शिवाजी पेठेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळायचं. त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही, कारण गल्लीतल्या आमट्यांची खबर आम्हालाही असायची.

कारखान्यात एक रीत होती. कुणी कामगार अंगात ताप घेऊन आला की आबा त्याच्या अंगावर खेकसायचे, "कुणी बोलीवलंय तुला? मराय आलाईस काय हितं? नीघ! आज तोंड दाखवू नगंस!" तो मुकाट निघून जायचा. संध्याकाळी आईनं केलेल्या अळणीचा, म्हणजे मटणाच्या बिनतिखट पाण्याचा, गरम डबा त्याच्या घरी जायचा. पोचवायचं काम माझं. डब्याबरोबर निरोप कधीच नसायचा आणि तो कुणी विचारायचंही नाही. ओरडणं आबांचं, डबा आईचा, पण वाक्य एकच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन हजार सालानंतर एक-दोन वर्षांतच मी पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात गेलो. बरोबर कांदा-लसूण चटणी नेली आणि आवाजही घरचाच नेला. पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्कशॉपमध्ये मशीन शिकवायचं काम मला मिळालं. त्या कामावर माझी फी माफ होती. काम गेलं की शिक्षण गेलं, चंबूगबाळं आवरून परत कोल्हापूर. आबांनी तर मी विमानात बसायच्या आधीच पेठेत पेढे वाटले होते, त्यामुळे परतीचा रस्ता मला बंदच होता.

थंडी सुरू झाली आणि एक दिवस वर्गातला एक मुलगा तापानं लाल झालेला चेहरा घेऊन आला. मशीनला हात लावताना त्याची बोटं थरथरत होती. मी धावत जाऊन मशीन बंद केलं आणि माझ्या इंग्रजीत ओरडलो, "तुला कुणी बोलावलं? चल नीघ इथून! आज मला तुझं तोंड दिसता कामा नये!" पोरगं पांढरंफटक पडलं आणि बॅग उचलून गेलं. आपण एक चांगलं काम केलं, अशा समाधानात मी बाकीचा तास घेतला.

दोन दिवसांनी विभागातल्या बाईंनी बोलावलं. माझं काम त्यांच्या हातात होतं. पिकल्या केसांच्या, सडसडीत बाई. सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. माझी जीभ काही ते करायला तयार नव्हती, म्हणून मी आपला मॅडमच म्हणायचो. त्यांनी सरळ सांगितलं की त्या मुलानं तक्रार केली आहे. सगळ्यांदेखत मी त्याला हाकलून दिलं, आता नापासही करीन, असं त्याला वाटतंय. वर्गातल्या इतरांना विचारलं तर तेही म्हणाले, शंका विचारायची भीती वाटते, हा माणूस कायम चिडलेला असतो.

"मॅडम, त्याला ताप होता," एवढंच मला बोलता आलं.

दुसरं कुणी असतं तर तिथंच निकाल लावून मोकळं झालं असतं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "तुझ्या घरी कुणाला ताप आला तर काय करतात?"

मग मी सगळं सांगितलं. आबांचं खेकसणं, आईची अळणी, कापडात बांधलेला डबा धरून गल्ल्यांतून पळणारा मी. सांगता सांगता माझा आवाज पुन्हा चढला, बाहेरून जाणाऱ्या एकानं दारातून डोकावून पाहिलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे त्या मुलाला डबा पोचलाच नाही."

मी मान डोलावली.

"आवाज राहू दे तुझा," त्या म्हणाल्या, "पण इथं डबा घेऊन येणारं दुसरं कुणी नाही. डबा जे सांगतो ते तुलाच बोलावं लागेल. टर्म संपेपर्यंत मी तुझ्या वर्गात मागे बसणार आहे. मग ठरवू."

त्याच संध्याकाळी कोंबडीची अळणी केली आणि डबा घेऊन त्या मुलाच्या वसतिगृहावर गेलो. दारात मला बघून तो दचकला. मी पाठ केलेलं बोललो, "तू आजारी होतास, मला तुझी काळजी वाटली, म्हणून मी ओरडलो." एवढं एक वाक्य बोलताना मला घाम फुटला. जन्मात कुणाला असं तोंडावर सांगितलं नव्हतं. त्यानं डबा घेतला, वास घेतला आणि विचारलं, "हे तिखट आहे का?" मी हसलो, मग तोही हसला.

पुढचे आठवडे बाई मागच्या बाकावर बसायच्या. मी ओरडायचो, मग सावरून पुढचं वाक्य जोडायचो. "बाही वर कर! मशीनमध्ये अडकली तर हात जाईल, आणि मला तो तुझ्यापाशीच राहायला हवाय." हळूहळू मुलं शंका विचारू लागली. टर्म संपली तेव्हा बाईंनी काम पुढच्या वर्षासाठीही माझ्याकडेच ठेवलं आणि जाता जाता एवढंच म्हणाल्या, "डबे पोचले." त्या बाईंचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात सुट्टीला कोल्हापूरला आलो. एसटी स्टँडवर आबा उभे होते. मी खाली उतरतोय तोच सुरू झाले, "कवाधरनं उभा हाय मी हितं! आणि वाळलाईस किती! तिकडं खायाला घालत न्हाईत व्हय?"

एरवी मी मुकाट्यानं बॅग उचलली असती. पण आता सवय लागली होती. म्हणालो, "आबा, तुम्ही न्यायला आलात, बरं वाटलं. तिकडं तुमची लई आठवण यायची."

आबा गडबडले. आजूबाजूला कुणी ऐकलं काय ते बघितलं, खाकरले आणि म्हणाले, "बरं, बरं. बस मागं."

स्कूटर सुरू झाली. आबा समोर बघून स्कूटर हाकत राहिले. मला वाटलं, आपलं चुकलंच, बापाशी असं कुणी बोलतं का? मग भर चौकात, ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून, मान न वळवता आबा ओरडले, "आमालाबी यायची की रं!"

शेजारचा रिक्षावाला चमकून आमच्याकडे बघायला लागला.

मी पुढं वाकून आबांच्या पाठीला डोकं टेकलं, आणि घरापर्यंत तसाच बसून राहिलो.