दहाव्या गोष्टीला किती मुलं उठली

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सव्वासहाला धुळ्याच्या बसस्थानकावर आम्ही दोघे हजर होतो, मी आणि सौ. सुनंदा. माझ्या आतल्या खिशात मानधनाचे तीन हजार रुपये होते. आमच्या वाचनालयाच्या बालविभागाने इंदूरच्या मालूताईंच्या प्राण्यांच्या गोष्टी नव्याने छापायचे ठरवले आहे. मी खजिनदार, म्हणून पैसे पोचवून सही आणायचे काम माझ्याकडे आले. सुनंदा आली ती स्वतःच्या खर्चाने. आमच्या दोन्ही मुलींना तिने या गोष्टी इतक्या वेळा वाचून दाखवल्या, की गिरणीच्या भोंग्याला आपलाच आवाज समजणारा ताईंचा कावळा आमच्या घरात नातेवाइकासारखा वावरला.

जुन्या गोष्टी नऊ. दहावी ताईंनी यंदा लिहिली, यजमान गेल्यानंतरची पहिलीच. डोळ्यांमुळे हीच शेवटची, असेही त्यांच्या पत्रात होते. पण ती मिळेलच याची हमी नव्हती. 'आधी मुलांना ऐकवीन. नाही चालली तर फाडीन,' असे त्यांनी लिहिले होते.

शिरपूर सोडले आणि थंडी अंगाला झोंबू लागली. सेंधव्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला होता, त्यामागे आमची बस एक तास वीस मिनिटे उभी. खाली उतरलेल्या लोकांत एक सोयाबीनचे व्यापारी होते. आम्ही इंदूरला कशाला निघालो ते त्यांनी विचारले. सांगितल्यावर ते म्हणाले की बैलांच्या गोष्टी ऐकायला एवढ्या लांब जाणारे लोक त्यांनी पहिल्यांदाच पाहिले, आणि मग बस सुटेपर्यंत स्वतःच्या बैलाची गोष्ट सांगत राहिले. खलघाटला नर्मदा आली. पुलावरून सगळी बस हात जोडून गेली, आम्हीही.

इंदूरला पोचायला सव्वादोन झाले. रिक्षावाल्याला मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळचा (होळकरांच्या समाध्यांजवळचा) पत्ता दाखवला. त्याने आम्हाला शहरातल्या नदीच्या दुसऱ्या अंगाला उतरवले, आणि अर्धा तास आम्ही चुकीच्या गल्ल्यांत घर क्रमांक वाचत फिरलो. शेवटी तोच रिक्षावाला परत येताना भेटला, आणि या वेळी आम्ही मालूताईंचे नाव सांगितले. "कहानी वाली टीचरजी के यहाँ जाना था तो वैसा बोलो ना, भिया," तो इंदुरी ढंगात म्हणाला, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे घेईना. तिसरीत त्याला ताईच होत्या म्हणे. वाटेत त्यानेच एका गाडीवर थांबवून पोहे खायला लावले. वर जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा तिखट-आंबट मसाला) आणि शेव. आपल्याकडच्या पोह्यांपेक्षा गोडसर आणि मऊ. सुनंदाने जीरावनात काय काय असते ते गाडीवाल्याला विचारून कागदावर उतरवून घेतले.

मालूताई एक्याऐंशीच्या. वडील गिरणीत कारकून म्हणून इथे आले, त्या इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. चष्मा जाड, शिवाय हातात भिंग. "थकून आलात न, पहले पाणी घ्या. मग बाकीचं," म्हणाल्या. मी पैसे दिले तर न मोजताच डब्यात टाकू लागल्या. मी मोजायचा आग्रह धरला. त्या हसल्या आणि मलाच मोजून दाखवायला लावले. नऊ गोष्टींची सही लगेच झाली.

मग त्यांनी जुनी हस्तलिखिते दाखवली. मला त्यातल्या समासातल्या रेघांचे कुतूहल वाटले. कुठे दोन, कुठे पाच, कुठे एकच. ताईंनी उलगडून सांगितले. छापायच्या आधी प्रत्येक गोष्ट त्या ओटल्यावर (घरापुढच्या कट्ट्यावर) मुलांना वाचून दाखवत. मुलांना एकच नियम, कंटाळा आला की उठून जायचे, कोणी रागावणार नाही. जिथे मूल उठले तिथे समासात रेघ, आणि रात्री तेवढा भाग बाद. कावळ्याच्या गोष्टीची मूळ पाने एकवीस होती, छापली ती आठ. रेघा ओढायचे काम यजमानांचे, ते मागे बसून मोजत.

"आता तुम्ही मोजा," ताई मला म्हणाल्या. "कागदावरून नजर काढली की मला सगळा धुरळाच दिसतो. आणि रस्त्याच्या आवाजात कोण उठलं ते कळत नाही."

चार वाजता ओटल्यावर सात मुले जमली, तीन मराठी आणि चार शेजारची. मी मागच्या पायरीवर पेन्सिल घेऊन बसलो, सुनंदा माझ्याशेजारी.

गोष्ट अशी. सांवेरचा एक म्हातारा बैल हातोदच्या बाजारात विकला जातो. दावे तोडून तो घरी निघतो, पण रस्ता माहीत नाही. कुत्र्याला विचारतो, टिटवीला विचारतो. ट्रॅक्टरला विचारतो, तो उत्तर देत नाही. ताई मराठीत वाचत, मधेच एखादे वाक्य हिंदीत टाकत. टिटवीचा आवाज त्यांनी असा काढला की एक मुलगा उताणा पडून हसला. चार पाने एकही रेघ नाही.

पाचव्या पानावर बैल पिंपळाखाली थांबला आणि त्याला त्याचा जोडीदार आठवू लागला. एका जुवाखाली काढलेली वर्षे, डाव्या बाजूला चालणाऱ्या जोडीदाराच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, त्याच्या श्वासाची ऊब. ताईंचा आवाज बारीक झाला. लिहिले फार सुंदर होते. एक मुलगा उठला. मग दोघे एकदम. सातव्या पानावर पिहू नावाची मुलगीही चपला घालू लागली. सुनंदाने माझे मनगट धरले. मी पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली.

आठव्या पानावर बैल घरी पोचला. उरलेल्या तिघांनी टाळ्या वाजवल्या.

ताईंनी भिंग खाली ठेवले आणि किती उठले ते विचारले.

"कोणीच नाही, ताई," सुनंदा म्हणाली.

"तुम्हाला नाही, बाई. हिशेबवाल्यांना विचारलं."

मी तीस वर्षे हिशेब लिहितो, पण आकडा सांगायला इतका वेळ कधी लागला नव्हता. ती तीन पाने कोणाविषयी आहेत हे एव्हाना मलाही कळले होते.

"चार," मी म्हणालो. "सगळे पिंपळाखाली."

 पाचवे, सहावे, सातवे पान ताईंनी वेगळे काढले आणि बोटाने त्यांच्या कडा सारख्या करत बसल्या. मला वाटले, आता सगळीच फाडणार. सुनंदा माझ्याकडे पाहीना.

पिहू फाटकाशीच उभी होती. तिथूनच तिने विचारले, "टीचरजी, उसका वो दूसरा बैल कहाँ गया?"

"नहीं रहा, बेटा."

"फिर ये अकेला चला?"

"अकेला कहाँ," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे पेन्सिल मागितली. चौथ्या पानाच्या तळाशी त्यांनी मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली आणि भिंगातून दोनदा वाचली. 'बैल सगळा रस्ता उजव्या कडेनेच चालला; डावी बाजू त्याने मोकळी ठेवली होती.' तीन पाने त्यांनी घडी करून पैशांच्या डब्यात ठेवली, पाच पाने माझ्या हातात दिली. पिहूला ती ओळ त्यांनी हिंदीत सांगितली. ती चपला काढून परत येऊन बसली.

रविवारी सकाळच्या बसने परतलो.  खलघाटच्या पुलावर सुनंदा म्हणाली की तिची चूक झाली, पण पुन्हा वेळ आली तर ती पुन्हा तेच सांगेल. मी तिला दोष देत नाही. इतकी वर्षे मला वाटत आले की या गोष्टी मुलांना आवडतात, कारण लिहिणारीला मुलांचे मन कळते. ते तिला कळत नसावे. ती दरवेळी विचारत होती, आणि आलेले उत्तर ऐकून घेत होती.

शनिवारच्या त्या संध्याकाळी शेवटी दिले गेले ते असे. कोपऱ्यावरच्या दुकानातून चौदा कचोऱ्या आल्या, पैसे ताईंनी स्वतः दिले. बसून राहिलेल्या तिघांना एकेक, उठलेल्या चौघांना दोन-दोन, कारण काम त्यांनी केले, असे ताईंचे म्हणणे. सुनंदाला एक. आणि मला दोन.