चिठ्ठी न निघालेल्यांच्या घरी

वसुमती कपडे शिवायची तो कारखाना बंद पडला, त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. चिकपेटमागच्या गल्लीतल्या घरात बसलं की भिंती अंगावर येत. म्हणून घरोघर फिरून प्रश्न विचारायचं कंत्राटी काम मिळालं, तेव्हा तिने पगारसुद्धा धड विचारला नाही.

नोकरी गेलेल्या बायकांसाठी सरकारने एक योजना काढली होती. नवं काम शिकवायचं, भरती कुठे आहे ते कळवायचं. अर्ज फार आले, जागा थोड्या. मग चिठ्ठ्या काढल्या. जिची चिठ्ठी निघाली तिला शिक्षण. जिची नाही निघाली तिला नुसते वसुमतीचे प्रश्न. पुढे दोन्हीकडच्या किती जणींना काम लागलं ते ताडून पाहायचं, म्हणजे योजनेचा उपयोग किती ते कळणार. म्हणून चिठ्ठी न निघालेल्यांपाशी कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही आणि कुणाच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा नियम होता. वसुमती एकदा कुरकुरली, तेव्हा तिचे साहेब गिरीराज शांतपणे म्हणाले, "अक्का, तुम्ही इथे एकेकीला हात देत गेलात तर योजना बिनकामाची ठरेल. मग पुढच्या हजार जणींचं काय?"

तिला ते पटलं. पटूनही चैन पडेना.

कृष्णराजपुरमच्या भाग्यलक्ष्मीची चिठ्ठी निघाली नव्हती. ती अथणीकडची. दसऱ्यापर्यंत काम लागलं नाही तर खोली सोडून गावी जायचं ठरलं होतं. मुलीची शाळा सुटणार होती. प्रश्न संपले की ती दर वेळी विचारी, कानावर काही आलंय का अक्का. वसुमती चप्पल शोधण्याचं निमित्त करी.

त्या शुक्रवारी मात्र कानावर आलं होतं. सकाळीच एका चिठ्ठीवालीने सांगितलं होतं की शहराबाहेर होसकोटेला पिशव्या शिवायच्या कारखान्यात बायका घेतायत, मशीन येत असलं की पुरे. ती बातमी तोंडात धरून वसुमतीने भाग्यलक्ष्मीला सगळे प्रश्न विचारले आणि घाईने उठली. तोवर भाग्यलक्ष्मी कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी. शुक्रवारी आलेल्या सवाष्णीला तशीच कशी पाठवायची? तिने हळदीकुंकू लावलं; विड्याची पानं, केळी आणि ब्लाउजपीस पुढे केलं. नको म्हणणं वसुमतीला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, ते नियमानेही जमेना. तिने पदर पसरला. पदरात ते ओझं पडलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "होसकोटेला जाऊन ये. उद्याच जा."

मेट्रोत बसायला जागा असूनही ती मॅजेस्टिक स्टेशनपर्यंत उभीच राहिली. गिरीराजना सांगावं, न सांगावं. दिवस गेले, सांगणं झालं नाही.

दिवाळीनंतर पुढची फेरी आली. भाग्यलक्ष्मी त्याच खोलीत होती, नुकतीच कामाची पाळी संपवून आलेली. काम करता का? करते. कुठे? होसकोटेला. कामाची माहिती कुणाकडून मिळाली?

भाग्यलक्ष्मी सावकाश म्हणाली, "शेजारणीकडून."

टॅबवर बोट धरून वसुमती थांबली. बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होईना. शेजारीण लिहिलं तर कुणाचंच वाकडं होणार नव्हतं. फक्त एक बाई योजनेवाचून आपसूक उभी राहिली, असं कायमचं नोंदलं जाणार होतं.

तिने 'इतर' निवडून पुढे लिहिलं, 'प्रश्न विचारायला येणाऱ्या बाईकडून.'

"काय लिहिलंत?" भाग्यलक्ष्मीने वाकून पाहिलं. "अय्यो अक्का, मी खोटं बोलले ते कुणासाठी? तुमचं काम जाईल की."

"जाईल बहुतेक. तुमच्याकडे अजून घेतायत का?"

भाग्यलक्ष्मी हसली नाही. वसुमतीचा हात हातात घेऊन तिने बोटं पाहिली, सुईचे जुने घट्टे दाबून पाहिले.

"सोमवारी सुपरवायझरला विचारते," ती म्हणाली. "पण तिथे जाग्यावरून उठू देत नाहीत हं, अक्का."