कमरेकडे बघणारी आपा

त्या संध्याकाळी दुबईत, करामातल्या आमच्या फ्लॅटात मी होते, सून रेहाना होती, नात सना होती. शेजारची आपा होती आणि तिचे मिस्टर होते, त्यांना सगळे भाईजान म्हणायचे. फोनमध्ये आपाचा मुलगा इम्तू होता. एवढीच माणसं. त्यातली आपा आता नाही.

आपाला एक खोड होती. कुणीही समोर आलं की तोंडाकडे नंतर, आधी कमरेकडे बघायची. लिफ्टमध्ये, भाजीच्या दुकानात, बसस्टॉपवर. एकदा पाण्याच्या बाटल्या आणणारा पठाण लाजून शर्ट खाली ओढायला लागला. मी म्हटलं, "आपा, काय बघतेस त्या बिचाऱ्याचं?" तर म्हणाली, "काही नाही गं भाबी. नुसता पट्टा आहे."

ही खोड तिला फोनने लावली. इम्तू इथेच वाढला, ऊद मेथाच्या शाळेत शिकला. मग अमेरिकेला गेला आणि तिथल्या एका स्टेटमध्ये पेट्रोल पंपाच्या दुकानात काउंटरवर लागला. ग्रीन कार्डाचे कागद मालकाच्या हातात, म्हणून नोकरी सोडता येत नाही. तिकडे सकाळ असते तेव्हा आमची मगरिबची, दिवस मावळतीची नमाज होऊन गेलेली असते. तेव्हा तो फोन लावायचा, गल्ल्याला टेकवून ठेवायचा आणि गिऱ्हाईक करत करत बोलायचा. फोनात एका बाजूला त्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकांच्या कमरा. वरचं काही दिसायचं नाही. आपाने अमेरिका बघितली ती एवढीच.

एक दिवस तोच म्हणाला, इथल्या विधानसभेत बिल आलंय. पास झालं तर बंदूक कमरेला उघडी लावून लोक कुठेही फिरतील. दुकानातसुद्धा. परवान्याची गरज नाही.

त्या दिवसापासून आपा रोज सनाच्या मागे. "बाय, आपलं बिल कुठवर आलं?" सना मोबाईल बघून सांगायची, "फर्स्ट कमिटी, देन हाऊस, देन सिनेट, देन गव्हर्नर." आपाने ते बोटांवर बसवलं. म्हणाली, "म्हणजे चार दरवाजे. एक तरी बंद असेल की."

भाईजान चिडवायचे. "इथे तुला मत नाही, गावच्या यादीतून तुझं नाव उडालं, आणि चाललीय अमेरिकेचं राजकारण करायला!"

"तेच तर," आपा म्हणायची. "तीन मुलुख झाले, हात वर करायला कुठेच जागा नाही. मग पसरायचे तेवढे उरले."

आमच्यात संकट आलं की बायका बसून आयते करीमाची दुआ पढतात. एकदा पढलं की खजुराची एक बी बाजूला. आपाकडे बियांची मोठी पिशवी होती, धुऊन पुसून ठेवलेली. चादर अंथरून आम्ही बसायचो. मला त्या बिलातलं काही कळत नव्हतं. पण आईचा जीव कळत होता.

आणि एक दिवस सना म्हणाली, "आपा, इट्स डेड. कमिटीतच अडकलं, सेशन संपलं." आपा रडली, हसली. दुसऱ्याच दिवशी तिने नियाज केली. नवस फेडायचा गोड केशरी भात. साऱ्या बिल्डिंगीत वाटला. आपल्याला इथली सवय ना, एकदा खलास म्हटलं की खलास.

पुढच्या वर्षी एक दिवस सना कॉलेजातून आली ती मोबाईल बघतच. "आपा, ते परत आलंय. सेम बिल, न्यू नंबर."

"मेलं होतं ना?"

"दे कॅन ब्रिंग इट बॅक. एव्हरी इयर."

आपाने परत चार बोटं मोजली. मग म्हणाली, "आम्ही नाव बदलून व्हिजा काढला तर पकडतात." रेहाना हसली. आपा नाही हसली. मला हळूच म्हणाली, "भाबी, नवस तर फेडून टाकला मी. आता परत कुठल्या तोंडाने मागू?"

तरी मागितलं. पण या वेळी एकेक दरवाजा उघडत गेला.

ती संध्याकाळ सिनेटची. सनाने लॅपटॉपवर लावून दिलं. मोठा हॉल, सुटातली माणसं, भिंतीवर सगळ्यांची नावं. इम्तूही फोनवर होता. त्यातली एक बाई म्हातारी, कानात मोती. आपा म्हणाली, "ही आई असेल ना कुणाची?" मग नावांपुढे होकाराचे दिवे लागायला लागले. हिरवे. मोतीवालीचाही हिरवा. आपा म्हणाली, "हिरवा रंग मला कधी वाईट वाटला नव्हता गं."

"मम्मी, चिल," इम्तू म्हणाला. "इट्स नॉर्मल हिअर."

गव्हर्नरची सही झाली, कायदा लागू झाला आणि थोड्याच दिवसांत फोनात ती कमर आली. पट्टा, आणि पट्ट्याला काळी मूठ. इम्तू म्हणाला, "मॉर्निंग, सर." माणसाने दूध घेतलं, पैसे दिले, गेला. काही झालं नाही. रोज काहीच व्हायचं नाही. आणि रोज आपा श्वास धरून बसायची.

मग भाईजान कामाला होते ते अल क्वोजचं गोदाम बंद झालं, व्हिजा संपला. रत्नागिरीकडच्या गावी जायची पाळी आली. तिथे फोनला रेंज नाही. टॅक्सीत बसताना आपाने बियांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "इम्तूला सांगितलंय, आता तुला फोन लावेल. तू नुसती बस त्याच्याजवळ."

वर्षाच्या आत आपा गेली. हार्ट. इम्तू आला नाही, आला असता तर कागद गेले असते. मातीला घेऊन निघाले तेव्हा कुणीतरी रस्त्यावर रेंज शोधून त्याला व्हिडिओ लावून दिला. पण गर्दीत फोन खाली धरलेला. इम्तू मला म्हणाला, "खाला, मला नुसत्या लोकांच्या कमरा दिसल्या."



आता मगरिबनंतर तो मला फोन लावतो. मी पिशवी घेऊन बसते. ज्या गोष्टींवर आपला हात चालत नाही त्यांच्याजवळ नुसतं बसायचं असतं, ते मी आपाकडून शिकले.

हे वाचणाऱ्याला एक विनंती. तुम्ही तिकडे राहत असाल, नाहीतर तुमचं कुणी राहत असेल, तर पेट्रोल भरायला थांबल्यावर कमरेचं गाडीत ठेवून मग दुकानात जा. तेवढंच करा.