मोठागावच्या खाडीवर सीनियर पोर्ट्रेट

अमेरिकेतून मेधाचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला नौपाड्यातल्या घरी मेथी निवडत बसलेले. मेधा माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि मी फोटोग्राफर. "शुभा, डोंबिवलीला जा ना गं. सीनियर पोर्ट्रेट हवंय. आउटडोअर, मस्त लाइटमध्ये. इरा आहेच तिथे." इरा तिची मुलगी, सुट्टीत आजोबांकडे आलेली. मी हो म्हटलं आणि लगेच मेधाच्या वडिलांना फोन लावला. "अप्पा, उद्या तयार राहा. तुमचा फोटो काढायचाय, मेधाने सांगितलंय."

"एकट्याचा?"

"एकट्याचाच. मोठा."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. एरवी गप्पा मारून कान किटवतात.

ठाण्याहून निघणार असाल तर शिळफाट्याचं नाव काढू नका, तिथल्या ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला येतो. नाशिक हायवेने माणकोली गाठा आणि नव्या पुलावरून थेट मोठागावात उतरा. माणकोलीला ट्रक छळतात, पण पुलावर आलं की खाली खाडी आणि दोन्हीकडे कांदळवन. मी तर गाडीत एकटीच "आई गं!" म्हणाले. डोंबिवली पश्चिमेत अप्पा आणि इराला घेतलं, कोपऱ्यावर गरम वडापाव खाल्ला आणि खाडीवर आलो. गाडी वरच ठेवा, खाली चिखल आहे.

उन्हं कलायला लागली होती. अप्पा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, ताजी दाढी. सूर्य त्यांच्या पाठीशी ठेवला, समोरून छत्री लावलेला फ्लॅश. वारा असला तर स्टँडला कॅमेऱ्याची बॅग लटकवाच, नाहीतर छत्री खाडीत. चष्म्यात फ्लॅश चमकत होता म्हणून तो जरा उंच घेतला. त्याने डोळ्यांखाली सावली आली, तर खालून उजेड परतवायला इराच्या हातात पांढरा रिफ्लेक्टर दिला. चंदेरी नको, म्हाताऱ्या चेहऱ्यावर तो फार कडक पडतो. इरा केस सेट करून, नवा ड्रेस घालून आलेली. मला वाटलं, पोरीला नटायची हौस! "खाली धर गं, अजून खाली," मी ओरडत होते.

"अप्पा, हसा ना थोडं."

"हसतो. तू डोक्यावर जागा ठेव," अप्पा शांतपणे म्हणाले. "हार बसला पाहिजे."

मी कॅमेरा खाली घेतला. "काय बोलताय अप्पा!"

"माझा तपासणीचा रिपोर्ट मेधाकडे गेलाय. ती मला काही बोलत नाही आणि तुला माझा मोठा फोटो काढायला सांगते. मला कळत नाही का? किती दिवस आहेत ते सांग फक्त."

इराने रिफ्लेक्टर टाकला. "आजोबा, सीनियर म्हणजे मी! आमच्याकडे शाळेच्या शेवटच्या वर्षाला सीनियर म्हणतात. फोटो माझा काढायचाय! मला वाटलं मावशी तुमच्यावर लाइट टेस्ट करतेय!"

मी कपाळावर हात मारला. सीनियर म्हटल्यावर माझ्या डोक्यात सीनियर सिटिझनच! तिथूनच मेधाला व्हिडिओ कॉल लावला. ती झोपेतून उठून किंचाळली, "अहो बाबा, बीपी वाढलंय! डॉक्टर लोणचं बंद करा म्हणालेत, बाकी काही नाही!"

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "म्हणजे मी काल वसंताला उगाच फोन केला."

वसंता म्हणजे बाळकुमला राहणारा त्यांचा धाकटा भाऊ. वाटण्यांवरून भांडण झालं त्याला किती वर्षं लोटली, दोघांत बोलणं नव्हतं.

"काय म्हणाले ते?" मी घाबरतच विचारलं.

"रडला गाढव. रविवारी येतोय."

उजेड जायच्या आत इराचे फोटो काढले. पोरगी इतकी हसत होती की एकही बिघडला नाही. घरी येऊन ते बघत बसले, पण अप्पांच्या फोटोवर आले की पुढे सरकवत नव्हतं. मरणाची तयारी करून बसलेल्या माणसाला मी 'हनुवटी वर घ्या' सांगत होते! एवढ्यात त्यांचाच फोन.

"रविवारी कॅमेरा घेऊन ये. आणि वसंतासमोर आजचं काही बोलायचं नाही."

"अहो, पण तुम्ही ठणठणीत आहात हे त्यांना सांगायला नको?"

"सांगू गं," अप्पा म्हणाले. "आधी त्याला घरात तर येऊ दे."