लेस्टरला जाण्याआधीची कबुली

सुहासिनी पारसनीस बाईंनी आम्हाला भेलच्या टाऊनशिपमध्ये, पिपलानीच्या शाळेत गणित शिकवलं. भेलच्या वीजयंत्रांच्या कारखान्यातल्या कामगारांची, इंजिनिअरांची दोन पिढ्यांची मुलं त्यांच्या हाताखालून गेली. त्यातली कुणी आता टाऊनशिपच्या इस्पितळात नर्स आहे, कुणी तिथेच औषधांच्या खिडकीशी बसतो. बाई रस्त्यानं निघाल्या की चार जण थांबून नमस्कार करतात. या ओळखींपायीच पुढचं सगळं झालं, असं त्या स्वतः म्हणतात. मला हे त्यांनीच सांगितलं.

त्यांचे यजमान केशवराव कारखान्यात मोटरच्या वाइंडिंगवर फोरमन होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून दोघं जवळच अवधपुरीला स्वतःच्या घरात राहायला गेली. तिथे वर्ष व्हायच्या आत केशवरावांची बायपास झाली. मधुमेह आधीपासून होताच. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, यांना कसलीही काळजी लागू देऊ नका. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की नळ गळत असला तरी केशवरावांना पत्ता लागू देत नसत.

पुढे काही वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या छातीत धडधड सुरू झाली. जिना चढताना, कधी नुसतं बसल्या बसल्याही. टाऊनशिपच्या इस्पितळात जावं, तर संध्याकाळपर्यंत एखादी जुनी विद्यार्थिनी घरी फोन करून "बाई कशा आहेत?" विचारणार. म्हणून वाचनालयात जाते असं सांगून त्या बसनं, ओळखीचं कुणी नसलेल्या शिवाजी नगरला एका खाजगी डॉक्टरांकडे गेल्या. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, असं निघालं. रक्त पातळ करणारी गोळी रोज, कायमची. दोन वर्षं ती गोळी शिलाईच्या डब्यात राहिली आणि बाई स्वयंपाकघरात उभ्यानं ती घेत राहिल्या.

मग लेस्टरहून फोन आला. बाईंची थोरली बहीण कमलताई लग्न झाल्यापासून, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं, इंग्लंडात. अकरा वर्षांत बहिणींची भेट नव्हती. कमलताईंचे गुडघे पार गेलेले, विमानाचा प्रवास आता त्यांना जमणार नव्हता. त्या म्हणाल्या, "सुहास, तू आलीस तरच आता भेट." त्यांची मुलगी अनुराधा तिकिटं काढायला तयार होती. एकच गोष्ट तिनं निक्षून सांगितली: दोघांचा प्रवास विमा उतरवल्याशिवाय विमानात बसायचं नाही.

विम्याचं काम विश्वनाथराव बघायचे. मूळचे ग्वाल्हेरचे, केशवरावांबरोबर कारखान्याच्या एकाच विभागात होते. एका सकाळी ते फॉर्म घेऊन आले. केशवरावांचं पान लिहायला तासभर लागला. बायपासची तारीख, साखरेचे आकडे, औषधांची नावं, सगळ्याची फाईल बाईंनी समोर ठेवली होती. बाईंचं पान मात्र पाच मिनिटांत झालं. रक्तदाब नाही, मधुमेह नाही, हृदयविकार?

"काही नाही," बाई म्हणाल्या.

विश्वनाथरावांनी तेही लिहिलं आणि बाईंची सही घेतली. फॉर्म आपण परवा पाठवू, असं सांगून ते गेले.

बाईंचं दिवसभर कशात लक्ष लागेना. आयुष्यभर मुलांना खोटं उत्तर आणण्यापेक्षा कोरी वही आणा म्हणून सांगितलं, आणि आता स्वतः सही करून बसलो, हे त्यांना टोचत होतं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच विश्वनाथरावांकडे गेल्या आणि शिवाजी नगरच्या डॉक्टरांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले.

विश्वनाथरावांनी सगळे कागद वाचले. मग त्यांनी समजावून सांगितलं: आजार लपवला आणि तिकडे त्याच कारणानं दवाखान्यात जावं लागलं, तर कंपनी हात वर करते. सांगितला तर कदाचित नकार येईल, कदाचित तपासण्या मागतील; पण एकदा लिहून स्वीकारलं की तातडीच्या वेळी ते बांधील राहतात. फॉर्म मात्र नव्यानं भरावा लागेल आणि तो केशवरावांच्या नजरेस पडणारच.

"तुम्हीच सांगा ना त्यांना," बाई म्हणाल्या.

"नाही वहिनी. फॉर्म मी भरतो. हे तुम्हालाच बोलावं लागेल."

दुपारच्या चहाला बाईंनी शिलाईचा डबा टेबलावर आणून उघडला आणि सगळं सांगून टाकलं. केशवरावांनी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन तिच्यावरचं नाव दोनदा वाचलं. बाईंना वाटलं, आता यांचीच छाती दुखायला लागणार.

"मला जपायचं म्हणून तू एकटीनं हे निस्तरत होतीस," ते म्हणाले. "तुला काही झालं असतं, तर डॉक्टरांना मी काय सांगणार होतो?"

केशवराव उठले, चष्मा शोधला आणि गोळीचं नाव, मात्रा, वेळ एका कार्डावर इंग्रजीत लिहून ते कार्ड पाकिटात ठेवलं. रागावले होते, पण त्यांना काही झालं नाही. बाई म्हणतात, त्या दुपारी मला दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

पहिल्या कंपनीनं बाईंना सरळ नकार दिला. दुसरीनं ईसीजी, रक्त, लघवी अशा तपासण्या मागितल्या. त्या टाऊनशिपच्या इस्पितळात झाल्या आणि अपेक्षेप्रमाणे संध्याकाळपर्यंत चार फोन आले. आता त्याची भीती नव्हती. हप्ता वाढवून कंपनीनं होकार दिला, आणि जाहीर केलेल्या आजारातून अचानक गंभीर काही उद्भवलं तर उपचारांचा खर्च देऊ, हे पॉलिसीत स्पष्ट लिहून आलं.

लेस्टरला पोचल्यावर नवव्या दिवशी सकाळी बाई कमलताईंच्या स्वयंपाकघरात पोहे परतत होत्या. ठोके एकदम भरधाव सुटले, डोळ्यांपुढे अंधार आला आणि त्या ओट्यावर डोकं आपटून खाली पडल्या. अनुराधानं अँब्युलन्स बोलावली. इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, यांना कोणती औषधं चालू आहेत? केशवरावांनी पाकिटातून कार्ड काढून दिलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आणि डोक्याला मार, हे कळताच त्यांनी बाईंना तडक स्कॅनला नेलं.

बाहेर बाकावर केशवराव आणि काठी धरलेल्या कमलताई बसून होते. पाऊण तासानं डॉक्टरीणबाई आल्या. आत रक्तस्राव नव्हता. ठोके औषधानं ताब्यात येत होते. चार दिवस ठेवून घेणार होते. कमलताईंनी केशवरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग दोघंही रडले.

एक गोष्ट बाकी होती. विमा कंपनीच्या माणसानं फोनवर अनुराधाला विचारलं, हा त्रास आधीपासून होता का? अनुराधा घाबरली. फोन तिच्याकडून बाईंनी पलंगावरूनच घेतला आणि सांगितलं की होता, दोन वर्षांपासून होता, तुमच्या फॉर्मवर लिहिला आहे. पलीकडून थोडा वेळ थांबायला सांगितलं. मग त्यानं तारखेसकट नोंद वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळाला कंपनीचं हमीपत्र पोचलं.

बाई कमलताईंच्या घरी परत आल्या तेव्हा परतीला अजून सोळा दिवस होते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, त्यामुळे फिरणं रद्द झालं. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. दोघी बहिणी खिडकीपाशी खुर्च्या टाकून दिवसभर बोलत बसायच्या. केशवराव स्वयंपाकघरात वरणभात लावायचे आणि मीठ किती घालू, हे ओरडून विचारायचे.