झाकणावरचा शेंदूर

विनायकचा निरोप आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो. सुलतानपूरच्या माझ्या गॅरेजात त्या दिवशी गर्दी होती. कुणीतरी खाली वाकून म्हणालं, "मिस्त्री, गावाहून माणूस आला हाय. काकू गेल्या." मी "बरं" म्हणालो आणि हातातला नट शेवटपर्यंत आवळला. मग पुढचाही आवळला. बाहेर आलो तेव्हा निरोप्या पाणी पीत होता आणि माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं पाहत होता, कारण माझा चेहरा कोरडाच होता. मी असाच आहे. जे बोलायला हवं ते गिळायचं आणि हात चालू ठेवायचे. त्याची सवय मला काकूंच्याच शेतात लागली आणि काकूंच्याच बाबतीत ती मला सगळ्यात जास्त नडली... म्हणून आज, त्यांना जाऊन काही आठवडे उलटल्यावर, हे लिहायला बसलो आहे.

यमुनाकाकू माझ्या नात्याच्या नव्हत्या. साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात माझे अब्बा लोहारकाम करायचे, काकूंच्या घरच्या नांगरांचे फाळ आमच्याच भट्टीत तापायचे. घरी आम्ही आमची दखनी बोलायचो, पण मी वाढलो काकूंच्या ओसरीवर, त्यामुळं माझी मराठी त्यांची आहे. काकूंचे यजमान अचानक गेले, तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा विनायक पाळण्यात होता. थोरली जमीन, सगळी काळी, आणि त्या जमिनीत कुंदा माजलेला. कुंदा म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, मुळं पुरुषभर खोल जाणारं ते गवत बैलांच्या नांगराला दाद देत नाही. काकूंचे धाकटे दीर गणपतराव आडून आडून सुचवायचे, की वावर बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यानं, माझ्या हवाली करा, बाईमाणसाला हे झेपायचं नाही. काकू ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या आणि वावर काही द्यायच्या नाहीत.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर होतं, मोठी कामं नागपूरला जाऊन व्हायची. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथं जुनी परदेशी यंत्रं विकायला निघाली होती. काकूंनी अंगावरचं होतं नव्हतं ते मोडलं आणि एक ट्रॅक्टर आणवला. डिझेलवर चालणारा. डिझेलला आम्ही तेव्हा क्रूडच म्हणायचो. मी जालन्याला मोटारींच्या कारखान्यात दोनेक वर्षं हात काळे करून आलेलो, म्हणून चालवायला मी. पंचक्रोशीत पहिलाच ट्रॅक्टर. पहिल्या दिवशी तो वेशीतून आत आला तेव्हा माणसं बाजूला झाली आणि कोंबड्या छपरावर गेल्या.

कामाला जुंपायच्या सकाळी काकू तबक घेऊन आल्या. मारुतीच्या पारावरून आणलेला शेंदूर, तेलात कालवलेला. नारळ फोडला, मग ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून थबकल्या. बैलाचं कपाळ कुठं असतं ते त्यांना ठाऊक होतं, याचं नव्हतं.

"रहेमान, याचं कपाळ कुठं असते रे?"

मी वर बसलो होतो, खुशीत होतो. स्टिअरिंगच्या पुढ्यात क्रूडची टाकी, तिच्यावर पितळी झाकण, माझ्या हाताला सगळ्यात जवळचं. मी हसत त्यावर बोट ठेवलं.

"हे घ्या काकू. हेच कपाळ."

काकूंनी तिथं शेंदराचं बोट टेकवलं. आणि नंतर रोज. मी पहाटे टाकी भरायचो, झाकण लावायचो, मग त्या यायच्या, शेंदूर लावायच्या, हात जोडायच्या आणि मी निघायचो.

पहिले काही दिवस कुंद्याची मुळं दोरखंडासारखी वर येत होती आणि बघे बांधावर बसून मोजत होते. मग ट्रॅक्टर बंद पडायला लागला. सकाळी नीट चालायचा. ऊन चढलं, इंजीन तापलं, की दम तुटल्यासारखा धापा टाकायचा आणि नांगराच्या उभ्या तासात गप्प व्हायचा. बाभळीखाली टेकलो, तो निवला, की पुन्हा चालू. पुन्हा थोडं चालून बंद. मला जे जे येत होतं ते मी केलं. पाणी बदललं. गाळणी धुतली. पंपात हवा धरली असेल म्हणून नळ्यांचे जोड सोडून हवा काढली. क्रूड उन्हानं पातळ होतं असं वाटून नळीला ओलं गोणपाट गुंडाळलं. जालन्याहून माझ्या उस्तादांना बोलावलं, त्यांनी क्रूड फवारणारे नोझल काढून तपासले, चहा घेतला आणि उन्हाळाच वाईट आहे असं सांगून ते गेले. गाव मजा बघत होतं. बैल थकला तर निदान वैरण खाऊन उठतो, वहिनीचा हा बैल नुसतंच पितो, असं गणपतराव पारावर म्हणायचे.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं असतं. पण एका बाजाराच्या दिवशी हाटेलात गणपतरावांनी माझ्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की लोहाराचं पोट्टं क्रूड विकून राह्यलं अन् टाकीत घासलेट ओतून राह्यलं, मंग मशीन कशी चालंल. कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. ते दिवसही नाजूक होते. थोड्या कोसांवर निजामाची हद्द, तिकडून रोज नवी बातमी यायची आणि वर्षानुवर्षांची ओळखीची माणसं एकमेकांकडं जरा थांबून पाहायची. मी उठून गेलो. चोर हा शब्द माझ्या घरात कधी आला नव्हता. अब्बांच्या कानावर तो संध्याकाळपर्यंत गेलाच. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढच्याच दिवशी भर दुपारी ट्रॅक्टर बंद पडला, तेव्हा मला वाटलं, खरंच क्रूड कमी पडतंय की काय, कुणी चोरतंय की काय. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी शेतात उभ्या उभ्या टाकीचं झाकण उघडायला घेतलं. ते निघेना. दोन्ही हातांनी पिळलं, तेव्हा आतून मोठ्यानं हवा ओढल्याचा आवाज आला, पाण्याबाहेर तोंड काढलेल्या माणसानं श्वास घ्यावा तसा. हँडल मारलं. इंजीन तापलेलं असूनही चालू झालं. मी झाकण हातात घेऊन उन्हात बघत राहिलो. त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. आतलं क्रूड खाली जाईल तशी त्या भोकातून हवा आत शिरते, ती शिरली नाही तर क्रूड ओढलं जात नाही. ते भोक शेंदरानं बुजलं होतं. थरावर थर, उन्हात सुकून पक्का झालेला. उष्णतेचा काही संबंधच नव्हता. ट्रॅक्टर निवेपर्यंत झाकणाच्या कडेनं हळूहळू हवा झिरपायची, म्हणून तो चालू व्हायचा आणि आम्ही उन्हाला शिव्या द्यायचो. मी बाभळीचा काटा मोडला, भोक मोकळं केलं आणि दिवस मावळेपर्यंत न थांबता नांगरत राहिलो.

खरं म्हणजे तिथून मी थेट काकूंकडं जायला हवं होतं. मी हाटेलात गेलो.

चोर नाही हे मला सिद्ध करायचं होतं, आणि सगळ्यांसमोर करायचं होतं. झाकण बरोबर नेलं होतं. टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की हे बघा, क्रूड कुणी विकलं नाही, काकूंनी रोज शेंदूर लावून भोक बुजवलंय. त्यावर जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो. मीही हसलो. ज्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडं पाहिलं नव्हतं त्यांनी मला चहा पाजला. झाकणावर पहिलं बोट कुणी ठेवलं होतं, ते मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. सांगायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं.

दोन दिवसांत गावभर झालं. वहिनीनं मशिनीचा मारोती केला. पोरं ट्रॅक्टर दिसला की हात जोडायची. आणि हसण्याच्या आडून दुसरंही कुजबुजलं जाऊ लागलं, की पांढऱ्या कपाळाच्या बाईनं यंत्राच्या कपाळाला हात लावला, मग दुसरं काय होणार. हे माझ्याही कानावर आलं. मी हशा आणला होता, हे आणायचं माझ्या मनात नव्हतं... पण आणलं मीच.

गणपतरावांना हवा तो मोका मिळाला. भाऊबंदांना आणि गावातल्या चार मोठ्या माणसांना घेऊन ते काकूंच्या ओसरीवर आले. मलाही बोलावलं, साक्षीला. मी खांबाला टेकून उभा राहिलो. गणपतराव गोड आवाजात म्हणाले, की वहिनी, झालं तेवढं हसं पुरे, मशीन अन् वावर दोन्ही माझ्या हवाली करा, मी बटईनं करतो, तुम्ही निवांत पूजाअर्चा करा. काकू दाराच्या चौकटीत पदर सावरून बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या रडतील. किंवा माझ्याकडं बोट करतील, आणि ते जास्त वाजवी झालं असतं.

"हाव, म्याच बुजवलं," काकू म्हणाल्या. "देवाले श्वास लागत नाही, मशिनीले लागते. मले ठाऊक नव्हतं, आता झालं. तुमाले ठाऊक होतं का, भाऊजी?"

"मले कायले ठाऊक असंल?"

"मंग मशीन तुमच्या हाती दिली, अन् उद्या पुन्हा बुजली, तं भोक कोन मोकळं करंल?"

ओसरीवरची माणसं हसली. तेच लोक, तीच गोष्ट, पण या वेळी हसू गणपतरावांच्या वाट्याला गेलं. त्यातले एक म्हातारे, मनानं सरळ माणूस, त्यांनी मात्र सहज विचारलं, "पण माय, लोक चाकाले लावते, दांडीले लावते. तुले झाकणच कसं सुचलं?"

त्या वर्षात, त्या हवेत, देवाचा शेंदूर लावायची जागा लोहाराच्या पोरानं हसत हसत दाखवली, असं कळलं असतं तर गोष्ट झाकणाची राहिली नसती. हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळलं असतं आणि काकूंना तर कळत होतंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. विनायकच्या पाळण्याची दोरी हातात होती, ती जरा ओढली.

"सुचलं मले," त्या म्हणाल्या. "पितळेचं होतं, चमकत होतं. बाईमाणसाची नजर पितळेवर जाते."

बैठक मोडली. वावर काकूंकडं राहिलं आणि ट्रॅक्टरही. सगळे गेल्यावर मी किल्ल्या-पाने त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणालो, की मी जालन्याला परत जातो. त्यांनी विचारलं, की उद्या तासं काय मी काढू. मग म्हणाल्या, की चल, मशीन कुठून कुठून श्वास घेते ते दाखव मले. त्या दिवशी मी त्यांना टाकीपासून नोझलपर्यंत सगळं दाखवलं. त्या गोधडी शिवायचं दाभण घेऊन आल्या आणि झाकणाच्या भोकातून आरपार घालून पाहिलं. पुढं मी त्यांच्याकडं कितीतरी हंगाम काढले, त्यांच्याच आग्रहानं सुलतानपूरला गॅरेज टाकलं, त्या पहिलं गिऱ्हाईक झाल्या. शेताला पुन्हा कुंदा लागला नाही. विनायक शिकला. माझ्या तोंडून मात्र तो विषय निघाला नाही, त्यांच्याही नाही.

गेल्या हिवाळ्यात भेटायला गेलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. आवाज बारीक झाला होता, डोळे तेच. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि अचानक माझ्या तोंडून निघालं, "काकू, त्या दिवशी हाटेलात मी..." त्यांनी हात हलवून थांबवलं.

"तुले चोर म्हणत होते रे. मले तं नुसतं येडी म्हणत होते."

मी म्हणालो, की आता तरी लोकांना खरं सांगतो, बोट मी दाखवलं होतं. त्यावर त्या कितीतरी वेळ हसल्या, मग ढास लागली, मी पाणी दिलं.

"मी हाय तवर नको सांगू. पंचांसमोर खोटं बोलले म्या, या वयात कुठं कबूल करत बसू? मी गेल्यावर सांग. मंग मले कोन विचारायले येते?"

तेराव्याला गेलो होतो. अंगणात विनायकचा नवा ट्रॅक्टर उभा होता, जेवणं झाल्यावर तो शेतात निघाला. विनायकच्या सूनबाई शेंदराची वाटी घेऊन बाहेर आल्या, टाकीकडं गेल्याच नाहीत. सरळ मागं जाऊन नांगराच्या दांडीला बोट टेकवलं आणि हात जोडले. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, की मागं काऊन लावता, आमच्यात पुढं लावतात. सूनबाई म्हणाल्या, "आमच्यात इथंच लावते. आजींनी लावून दिलेलं हाय."

कारण त्यांना ठाऊक नव्हतं. मंडपात बसलेली जुनी माणसं अजूनही सांगत होती, की रहेमानमिस्त्रीनं कसं डोकं लढवून ते भोक शोधलं, आणि बिचाऱ्या काकूंना कुठून सुचलं होतं कुणास ठाऊक. मी तिथंही मान खाली घालून बसलो.

त्यांना ते सुचलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी दाखवलं होतं.